एकच चूक, दोन पुस्तकं

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. त्यांत एक गमतीची सवलत आहे. साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश ही पानं धरायची नाहीत. म्हणजे पुढची काही पानं मी कुठूनही उचलून आणली असती, तरी नियमानं यंत्र त्यांच्याकडे ढुंकून बघणार नाही. प्रस्तावना एकमेकींसारख्याच असतात, हे आयोगालाही ठाऊक असावं.

ही पुस्तिका त्या यंत्रांविषयी आहे. हस्तलिखित आत टाकलं की कोणतं वाक्य आधी कुठे येऊन गेलं ते रंगवून दाखवणारी आणि शेवटी टक्क्यांत एक आकडा देणारी ही सॉफ्टवेअर पूर्वी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बसत. आता प्रकाशक, मुद्रक, मासिकांचे संपादक, क्लासचालक आणि वेबसाइटसाठी मजकूर लिहून घेणारे व्यापारी, सगळेच ती वापरू लागलेत. मी या विषयातला तंत्रज्ञ नाही. जठारपेठेत माझं अक्षरजुळणीचं दुकान आहे. लग्नपत्रिकेपासून कादंबरीपर्यंत दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करण्यात आयुष्य गेलं. तरीही प्रस्तावना माझ्याकडे आली, त्याला कारण माझी एक जुनी चूक.

मे महिना होता. अकोल्यात पारा पंचेचाळिशीच्या वर, आणि कूलरमधलं पाणी दर दोन तासांनी संपत होतं. एका प्रकाशकाकडून वऱ्हाडच्या इतिहासावरचं हस्तलिखित मांडणीसाठी आलं. सोबत साम्य तपासल्याचा अहवाल होता : सहा टक्के. बिनधास्त पुढे जा, असा त्याचा अर्थ. मी समास लावत, परिच्छेद सारखे करत चाललो होतो. एका पानावर हात थांबला. १८३५ च्या करारानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, असं तिथे लिहिलं होतं. करार १८५३ चा. पाच आणि तीन यांची अदलाबदल झाली होती, आणि ती अदलाबदल मी ओळखत होतो. ती माझ्याच बोटांची होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक मी पेजमेकरमध्ये लावलं होतं. पाचशे प्रती. प्रकाशनानंतर तिसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात आले, पुस्तक उघडून त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि काहीएक न बोलता समोर बसून राहिले. मग शिल्लक प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. पण शंभरेक प्रती तोवर निघून गेल्या होत्या. नव्या हस्तलिखिताचा लेखक त्या शंभरांतली एक प्रत पुढ्यात ठेवून बसला असणार, कारण चिठ्ठीवाली प्रत असती तर साल बरोबर आलं असतं.

दुकानातला पोरगा म्हणाला, "भाऊ, मशीन त सहाच टक्के म्हंते. मंग तुमाले काहून डाऊट येऊन रायला?"

काहून, हे सांगण्यासाठीच ही पुस्तिका.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यात त्यानं शोधलं. साम्य तपासणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमागे मजकुराचं एक कोठार असतं, आणि चोरी सापडते ती त्या कोठारातल्या मालाचीच. २००८ साली क्रॉसरेफ या संस्थेनं संशोधन-नियतकालिकांच्या प्रकाशकांसाठी क्रॉसचेक नावाची सेवा सुरू केली. आज ती सिमिलॅरिटी चेक म्हणून चालते आणि तिच्यात आयथेंटिकेट हे सॉफ्टवेअर वापरतात. तिची खरी ताकद प्रकाशकांच्या एकीत आहे : प्रत्येकानं आपला मजकूर तपासणीसाठी खुला करायचा, मग प्रत्येकाला सगळ्यांच्या मजकुराशी ताडून बघता येतं. कॉपीस्केप २००४ पासून वेबवरची पानं धुंडाळतं. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं प्रबंधांसाठी शोधगंगा उभी केली आणि २०१९ मध्ये शोधशुद्धी या योजनेतून विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवायला सुरुवात केली. आधी उरकुंड हे स्वीडिश, पुढे ड्रिलबिट हे भारतीय. या सगळ्या कोठारांत इंग्रजीच्या राशी आहेत. गुरुजींच्या पाचशे प्रती त्यांत कुठून असणार?

बरं, त्या असत्या तरी भागलं नसतं. गुरुजींचं पुस्तक युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टात होतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं आमच्या धंद्यात घरची. या फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसायचा, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असायचं. फॉन्ट काढून घेतला की अख्खं पुस्तक रोमन अक्षरांचा चिवडा होतं. महाराष्ट्रात डीटीपी आल्यापासून युनिकोड रुळेपर्यंत जे छापलं गेलं, त्यातलं पुष्कळसं अशा चिवड्याच्या रूपात जुन्या सीडींवर पडून आहे. माणसाला ते मराठी दिसतं, यंत्राला दिसत नाही.

युनिकोडमध्ये आलो म्हणूनही सुटका नाही. 'वऱ्हाड' हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि ह. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि ह. कागदावर दोन्ही एकसारखे. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, जसे 'कापूस' आणि 'तूर'. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं आधी दोन्ही रूपं एक करून घेतली नाहीत, तर वऱ्हाडावरच्या पुस्तकात वऱ्हाडच जुळत नाही. 'दुसऱ्याचं' या शब्दाचीही तीच गत, आणि आपला सगळा विषय त्याच शब्दाभोवती फिरतो. 'ॲ' हे अक्षरही असंच दोन प्रकारे लिहिता येतं.

आता यंत्र जुळवतं कसं, तेही थोडक्यात पाहू. ते पूर्ण वाक्य ताडत बसत नाही. मजकुरावरून ठरावीक शब्दांची एक खिडकी सरकवतं, खिडकीत आलेल्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा देतं आणि आकड्यांची गाठ घालतं. हे आकडे म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचे ठसे. समजा, मूळ वाक्य आहे : यंदा पाऊस उशिरा आला म्हणून पेरणी लांबली. पाच शब्दांची खिडकी लावली तर याचे तीन तुकडे पडतात. कुणी लिहिलं : पेरणी यंदा लांबली, कारण पाऊस उशिरा आला. एकही तुकडा जुळत नाही. खिडकी तीन शब्दांची केली तर पाचांतला एक जुळतो, 'पाऊस उशिरा आला'. पण हे तीन शब्द दर वर्षी जून-जुलैत प्रत्येक वर्तमानपत्रात येतात. खिडकी मोठी ठेवली तर चोर निसटतो, लहान ठेवली तर साव अडकतो. शब्दांची जागा इतकी मोकळेपणानं बदलू देणाऱ्या आणि 'घर, घरात, घरातल्या, घरातल्यांना' अशी एकाच शब्दाची रूपं पाडणाऱ्या आपल्या भाषेत हा पेच इंग्रजीपेक्षा जास्त बोचतो.

सगळे ठसे सांभाळायचे तर कोठार फुगतं. म्हणून त्यांतले थोडेच निवडून ठेवण्याची एक रीत श्लायमर, विल्करसन आणि एकन या तिघांनी २००३ साली मांडली. तिचं नाव विनोइंग, म्हणजे आपली उफणणी. खळ्यावर वाऱ्यात धान्य धरायचं, भूस उडून जातं, दाणा खाली पडतो. ठरावीक लांबीहून मोठं साम्य असेल तर त्याचा निदान एक दाणा तरी हाती लागेलच, अशी या रीतीची हमी आहे. मात्र खळ्यावर पीक आलेलंच नसेल, तर उफणायचं काय?

उफणून झालं की आकडा येतो, आणि माणसं आकड्यावर विसंबतात. आयोगाच्या विनियमांत प्रबंधांसाठी पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही सादर करता येत नाही. साठच्या वर गेलं की नोंदणी रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य सोडून द्यावं, असंही त्यांत आहे. हे मोजमाप विद्यार्थ्यांसाठी केलेलं. तरीही 'दहाच्या आत आहे ना?' हा प्रश्न आता कवितासंग्रहालाही विचारला जातो. बारा टक्के साम्य असलेला लीळाचरित्रावरचा ग्रंथ पूर्ण सचोटीचा असू शकतो, कारण ते बारा टक्के म्हणजे म्हाइंभटांची वाक्यं, नाव घेऊन दिलेली. आणि सहा टक्क्यांचं पुस्तक कसं असू शकतं, ते आपण पाहिलंच.

साम्य आणि चोरी यांतलं हे अंतर आपल्याकडे फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. इसवी सनाच्या नऊशेच्या सुमारास राजशेखरानं काव्यमीमांसा लिहिली. तो कनौजच्या दरबारातला, पण घराणं महाराष्ट्राशी नातं सांगणारं. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न त्यानं लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे वाशीम, १९९८ पर्यंत आमच्या अकोला जिल्ह्यातलंच. त्याच ग्रंथात त्यानं हरणावर, म्हणजे दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्यावर, स्वतंत्र अध्याय दिले आहेत. अर्थ तोच आणि केवळ रचना वेगळी, तर ते प्रतिबिंबकल्प. थोडा संस्कार करून वेगळं भासवलं, तर आलेख्यप्रख्य. विषय वेगळा पण साम्य दाट, तर तुल्यदेहितुल्य. मूळ एक पण सगळा साज निराळा, तर परपुरप्रवेशसदृश. आजची यंत्रं पहिल्याच प्रकारात धापा टाकतात. यातली गंमत अशी की पहिले तीन भेद आनंदवर्धनानं ध्वन्यालोकात आधीच सांगितले होते. राजशेखरानं ते घेतले आणि चौथा जोडला. याला चोरी म्हणायचं की परंपरा, हे कोणत्या टक्क्यात मोजणार?

राजशेखर आणखी एक खोचक गोष्ट सांगतो : चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा वाणीही नाही, ज्याला लपवता येतं त्याचं निभतं. प्रकाशक आणि व्यापारी यांना एका पंगतीत बसवणारी ही पुस्तिका निघाली, तेव्हा मला तोच आठवला. पण त्याहून बोलकं आहे ते त्याची पत्नी अवंतीसुंदरी हिचं मत. उचलणारा आपल्या मनाची समजूत कशी घालतो, याची तिनं यादीच दिली आहे. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. हे जाणणारे आता हयात नाहीत. याचा कर्ता परदेशी असतो. याचं मूळ पुस्तकच आता मिळत नाही. अकराशे वर्षांत एकही सबब जुनी झाली नाही. नीट पाहिलं तर यातल्या बहुतेक सबबी विसरण्यावर उभ्या आहेत. चोर अंधारात हात घालतो, आणि पुस्तकांच्या जगात अंधार म्हणजे लोकांचं विसरणं. हिंदीतलं मराठीत आणलेलं, दुसऱ्या जिल्ह्यात छापलेलं, आवृत्ती संपलेलं, लेखक वारलेलं पुस्तक कुणाच्या ध्यानात नसतं, म्हणूनच ते निवडलं जातं.

कायदा इथे किती कामाला येतो? १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला कुंपण घालत नाही, मांडणीला घालतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं. विषय तोच असणं हा गुन्हा नाही. इस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात न्यायालयाचे निकाल कुणाचीच मालमत्ता नाहीत, पण संपादकानं स्वतःच्या अकलेनं त्यांत घातलेली भर संरक्षणाला पात्र ठरू शकते, असं ठरलं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. तुकोबांचा अभंग छापायला कुणाची परवानगी लागत नाही, तो आपल्या नावावर खपवला तर मात्र लाज लागते. आणि कलम ५७ प्रकाशकांनी भिंतीवर लावावं असं आहे : हक्क विकत घेतले तरी आपलं नाव सांगण्याचा लेखकाचा अधिकार विकला जात नाही.

व्यवसायांची अडचण थोडी निराळी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, हा सल्ला कृषी खात्याच्या पत्रकात असतो, बियाण्याच्या माहितीपत्रकात असतो आणि पेपरातही असतो. तो जुळणारच, जुळायलाच हवा. डाळमिलच्या वेबसाइटवर तूरडाळीतल्या प्रथिनांची माहिती शंभर ठिकाणच्यासारखी निघाली, तर त्यात पाप नाही. पण शेजारच्या मिलनं आपल्या आजोबांनी धंदा कसा उभा केला ते लिहिलं आणि तीच गोष्ट आजोबा बदलून दुसरीकडे आली, तर ती चोरी. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत प्रश्न सारखे असू शकतात. उत्तरसूचीतलं चुकीचं उत्तरही तेच निघालं, की मग बोलणं खुंटतं. म्हणूनच काही कोशकार मुद्दाम एखादी खोटी नोंद पेरून ठेवत. १९७५ च्या न्यू कोलंबिया एनसायक्लोपीडियात लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल नावाची, कधीच अस्तित्वात नसलेली एक छायाचित्रकार आहे. माझं १८३५ मी मुद्दाम पेरलं नव्हतं, पण काम त्यानं तेच केलं.

आता लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. ती वाक्य असं फिरवून देतात की खिडकीत काहीच अडकत नाही. ती ओळखणारी सॉफ्टवेअर विकली जातात, पण ओपनएआयनं स्वतःचंच असं साधन नीट ओळखत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की अशी साधनं इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध चुकीनं यंत्राचे ठरवतात. मराठीसाठी त्यांच्या भरवशावर कुणाला चोर म्हणू नये.

मग ही पुस्तिका वाचून करायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट, बाकी सगळी तिच्या मागून येते : आधी आपलं छापलेलं यंत्राला वाचता येईल असं करा. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी जुन्या सीडी बाहेर काढा, फॉन्ट बदलून मजकूर युनिकोडमध्ये आणा, अर्धे र एका तऱ्हेचे करा. चार प्रकाशकांनी एकत्र येऊन आपापली पुस्तकं तपासणीपुरती एका कोठारात ठेवावीत. हस्तलिखित कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवू नका. काही ठिकाणी ते साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तुमचंच पुस्तक तुमच्याशी जुळतं. अहवालातला आकडा शेवटी वाचा, आधी रंगवलेली वाक्यं वाचा. आणि हस्तलिखित वाचणारं एक म्हातारं माणूस दुकानात असू द्या.

माझ्या गोष्टीचा शेवट राहिला. मी प्रकाशकाला १८३५ चं साल दाखवलं, ही चूक कुठली तेही सांगितलं. प्रकाशकानं लेखकाला कळवलं. आठ दिवसांनी हस्तलिखित परत आलं. साल १८५३ झालं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं.

मी गुरुजींच्या मुलीला विचारलं, जुनी फाइल शोधली आणि पंधरा रात्री बसून ते पुस्तक युनिकोडमध्ये आणलं. चूक सुधारली नाही, जशी छापली होती तशीच ठेवली. मग दोन्ही मजकूर समोरासमोर लावून पोराला बटण दाबायला सांगितलं. पानामागून पान लाल होत गेलं. त्या परिच्छेदाशी आलो तेव्हा पोरगा पडद्याजवळ वाकला. सगळ्या ओळी लाल होत्या, फक्त एक आकडा पांढराच राहिला होता : १८५३.

लेखकानं स्वतः लिहिलेलं तेवढंच होतं. तेही मी सांगितलं म्हणून.

जठारपेठ, अकोला